पश्चिमेची खिडकी



आजच्या व्याख्यानाचा विषय खिडकीची काच हा आहे. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत या काचेकडून जगभरच्या शास्त्रज्ञांनी दोन कामांची अपेक्षा धरली. उन्हाचा कडाका वाढू लागताच तिने काळवंडावे आणि तो ओसरताच पूर्ववत् स्वच्छ व्हावे, हे पहिले काम. आणि जे ऊन तिने उंबरठ्यावर अडविले, त्यातूनच थोडी वीज निर्माण करून ती घरमालकाच्या पदरात घालावी, हे दुसरे. वर्तमानपत्रांतून व जाहिरातींतून बोलबाला होतो तो दुसऱ्या कामाचा, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण भिंतीतली खिडकीच विजेचे केंद्र होणार ही कल्पना कोणाच्याही मनाला भुरळ घालील अशीच आहे. परंतु आपण ज्या अक्षांशावर राहतो तेथे पहिले काम दुसऱ्याच्या जवळजवळ चौपट मोलाचे आहे असे माझे निश्चित मत आहे, आणि ते केवळ मत म्हणून आपल्यापुढे न ठेवता त्याचा जमाखर्च मांडून दाखविण्याचा माझा बेत आहे.

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न काचेवाचून सोडविला होता. देशावरील वाड्यांच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, त्यांतील बेताच्या खिडक्या आणि लाकडी झडपा, किंवा कोकणातील घरांचे खाली उतरत आलेले छप्पर, ही सारी ऊन घराबाहेर ठेवण्याचीच तजवीज होती. गोव्यातील जुन्या घरांतून तर तावदानाच्या जागी शिंपले बसविलेले आजही पाहावयास मिळतात. हा शिंपला चपटा, तळहाताएवढा आणि अभ्रकासारखा अर्धपारदर्शक असतो. त्याच्या कडा छाटून त्याला चौकोनी आकार देत आणि बारीक लाकडी पट्ट्यांच्या जाळीत असे शिंपले ओळीने सरकवीत. त्यातून रस्ता दिसत नाही, पण खोलीत जो दुधाळ उजेड येतो तो भर दुपारीही डोळ्यांना टोचत नाही, आणि उन्हाची तिरीप जमिनीवर कोठे पडलेली दिसत नाही. मोठ्या काचेचे वेड आपल्याकडे आले ते थंड देशांतून. लंडनमध्ये १८५१ साली जोसेफ पॅक्स्टन याने लोखंड आणि काच यांचा जो प्रचंड प्रासाद उभारला, तो या वेडाचा मूळपुरुष मानावयास हरकत नाही. त्या मुलुखात काचेचा एक गुण वरदान ठरतो: सूर्यप्रकाशाच्या लहान लहरींना ती आत येऊ देते, परंतु त्या प्रकाशाने तापलेली जमीन आणि सामानसुमान ज्या लांब लहरींची उष्णता बाहेर टाकू पाहतात, त्यांना ती वाट देत नाही. आत आलेली ऊब आतच कोंडली जाते. हाच गुण घेऊन ती काच आपल्या वैशाखात येऊन उभी राहिली, म्हणजे काय होते ते मी आपणांस सांगावयास नको.

आता सूर्याची वाट पाहू. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, पुणे त्याच्याही किंचित दक्षिणेस. म्हणून मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य आपल्या बरोबर माथ्यावर येतो, आणि शाळांतील मुले अंगणात काठी रोवून शून्य सावलीचा दिवस साजरा करतात. मधल्या दिवसांत तर तो मध्यान्ही माथ्याच्या उत्तरेकडे झुकलेला असतो. याचा अर्थ असा की ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीवर मध्यान्हीचे ऊन जवळजवळ पडतच नाही, आणि जे पडेल ते अडवावयास हातभर रुंदीचा सज्जा पुरेसा होतो. खरी पंचाईत पश्चिमेची. दुपारी चारनंतर सूर्य क्षितिजाकडे उतरू लागला म्हणजे त्याचे किरण कोणत्याही सज्ज्याखालून सरळ खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत जातात, आणि ज्या वेळी हवा दिवसभराच्या तापाने सर्वांत अधिक उष्ण झालेली असते, नेमक्या त्याच वेळी ते जातात. बांधकामशास्त्राला सज्जा ठाऊक आहे, जाळी ठाऊक आहे, पडदा ठाऊक आहे. परंतु पश्चिमेच्या मोठ्या खिडकीवर समाधानकारक उपाय त्याला अद्याप सापडलेला नाही. या नव्या काचेची परीक्षा घ्यावयाची ती याच खिडकीत घेतली पाहिजे, असे मी म्हणतो ते यासाठी.

ही खिडकी दोन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच, म्हणजे चार चौरस मीटरांची आहे असे समजा. आणि एप्रिलातल्या निरभ्र दिवशी साडेचारच्या सुमारास तिच्यावर प्रत्येक चौरस मीटरास ६०० वॉट ऊन पडते असे धरा. एकूण २४०० वॉट झाले. साधी पातळ काच त्यातील सुमारे ८५ टक्के आत सोडते, तेव्हा २००० वॉटांहून अधिक उष्णता खोलीत शिरली. खोलीत विजेच्या दोन शेगड्या पेटवून ठेवाव्यात तसेच हे झाले. वातानुकूलनाचे यंत्र आपण टनांत मोजतो, आणि एक टन म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळविण्यास लागणारी उष्णता, वॉटांच्या भाषेत सुमारे ३५००. म्हणजे अर्ध्या टनाहून अधिक क्षमतेचे यंत्र या एका खिडकीपायी राबू लागले. आता त्याच चौकटीत अशी काच बसवा की जी एकंदर उन्हाच्या उष्णतेपैकी २७ टक्केच आत येऊ देईल. हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. आपल्या केंद्र सरकारच्या ऊर्जा संरक्षण इमारत संहितेने, तिच्या २०१७ च्या आवृत्तीत, उष्ण प्रदेशांतील मोठ्या व्यापारी इमारतींच्या उत्तरेखेरीज इतर दिशांच्या काचेसाठी हीच मर्यादा घालून दिली आहे. आत येणारी उष्णता ६५० वॉटांवर आली, १४०० वॉट बाहेर राहिले, आणि वातानुकूलनाचे यंत्र एक वॉट वीज घेऊन तीन वॉट उष्णता उपसते असे मानल्यास साडेचारशे वॉटांहून अधिक विजेची बचत झाली. हीच काच पाच टक्के कार्यक्षमतेने वीजही निर्माण करू लागली, तर ती किती देईल? १२० वॉट. एकास चार हे प्रमाण असे पडते.

येथे कोणी चिकित्सक श्रोता विचारील की, एवढेच साधावयाचे तर कायमची काळसर किंवा आरसेवजा काच बसवावी, ती बाजारात केव्हाचीच मिळते. आपोआप रंग बदलणाऱ्या काचेचा खटाटोप कशाला? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर आपल्या पावसाळ्यात आहे. पश्चिमेची खिडकी सकाळभर सावलीत असते. आणि आषाढ-श्रावणात तर दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाही, आकाश शिशाच्या रंगाचे होते. कायमची काळी काच या वेळीही काळीच राहते. पुण्या-मुंबईच्या नव्या कचेऱ्यांतून आपण गेला असाल, तर भर दिवसा सगळे दिवे जळत असल्याचे आणि काचेच्या भिंतीला लागूनच पडदे ओढून घेतलेले असल्याचे आपल्या नजरेस आले असेल. काचेवर एवढा पैसा खर्च करून अखेर काळोख विकत घ्यावयाचा आणि त्या काळोखात पुन्हा विजेचे दिवे लावावयाचे, ही स्थिती मला मनापासून क्लेशदायक वाटते. बदलणाऱ्या काचेचे खरे प्रयोजन हे की तिने चैत्र-वैशाखातील दुपारची दोन-तीन तासांची सावली द्यावी आणि उरलेल्या काळात उजेड अडवू नये.

रंग बदलणाऱ्या काचेचा इतिहास थोडक्यात सांगतो. टंगस्टन या धातूच्या ऑक्साइडाचा पातळ थर विद्युद्दाबाखाली निळा होतो आणि दाब उलटा केला की पुन्हा निवळतो, हे एस. के. देब या शास्त्रज्ञाने अमेरिकेत १९६९ साली प्रसिद्ध केले. काचेच्या दोन पारदर्शक विद्युद्वाहक लेपांमध्ये हा थर, त्याच्या शेजारी लिथियमच्या आयनांचा साठा, आणि त्या दोहोंमध्ये आयनांना जाऊ देणारा पण इलेक्ट्रॉनांना न जाऊ देणारा एक पडदा, अशी ही रचना असते. दोन-चार व्होल्टांनी आयन इकडून तिकडे सरकतात आणि काच निळी होते. एकदा निळी झाली म्हणजे तशी राहण्यास तिला जवळजवळ वीज लागत नाही. स्वीडनमध्ये ग्रानक्विस्ट व स्वेन्सन यांनी १९८४ च्या सुमारास ही किमया इमारतींच्या ऊर्जाबचतीशी प्रथम जोडली. विद्युद्दाबाने काळवंडणाऱ्या खिडक्या सामान्य माणसाच्या परिचयाच्या झाल्या त्या बोइंगच्या ड्रीमलायनर विमानातून, जेथे खिडकीला पडदाच नाही आणि बटण दाबले की बाहेरचे आकाश हळूहळू गर्द निळे होत जाते. ते विमान २०११ पासून सेवेत आहे. उष्णतेनेच स्वभाव बदलणारा व्हॅनेडियम डायऑक्साइड हा आणखी एक पदार्थ १९५९ पासून ज्ञात आहे. पण तो बदल ६८ अंश सेल्सिअसला होतो, टंगस्टनची भेसळ करून तो खाली आणता येतो खरा, आणि तरीही त्या लेपाची पिवळट तपकिरी झाक घरात कोणास आवडेल असे वाटत नाही.

विजेची कथा अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तिच्या मुळाशी एक विरोध आहे. सौरघट जो प्रकाश गिळतो त्याचीच वीज करतो, आणि खिडकीचे काम प्रकाश पलीकडे जाऊ देणे हे आहे. छपरावरचा सिलिकॉनचा घट काळा दिसतो तो उगाच नव्हे. या विरोधातून एक मार्ग निघतो तो असा: सूर्याच्या ऊर्जेपैकी डोळ्यांना दिसणारा भाग निम्म्याहून कमी आहे, निम्म्याच्या आसपास ऊर्जा अवरक्त किरणांत असते आणि थोडी अतिनील किरणांत. दिसणारा प्रकाश सोडून द्यावा आणि न दिसणाऱ्याची वीज करावी. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात रिचर्ड लंट आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये या मार्गाने जे तावदान केले, ते साध्या काचेइतके स्वच्छ होते. त्यातील रेणू अदृश्य किरण शोषून घेतात आणि थोड्या लांब लहरींचा प्रकाश पुन्हा बाहेर टाकतात. हा प्रकाश काचेच्या आतच दोन्ही पृष्ठभागांवर आपटत आपटत कडेपर्यंत जातो, आणि चौकटीत दडविलेल्या सौरघटाच्या बारीक पट्टीवर पडतो. साध्या काचेचा वक्रीभवनांक दीड असल्यामुळे आत उत्सर्जित झालेल्या प्रकाशापैकी सुमारे तीन-चतुर्थांश असा कोंडला जातो, हे गणिताने सिद्ध होते. मात्र त्या पहिल्या तावदानाची कार्यक्षमता एका टक्क्याच्याच आसपास होती.

दुसरा मार्ग रंगीत काचेचा. मिखाएल ग्रेट्झेल आणि ब्रायन ओरेगन यांनी १९९१ मध्ये लोझान येथून असा सौरघट प्रसिद्ध केला की ज्यात टायटॅनियम ऑक्साइडाच्या अतिसूक्ष्म कणांवर रंगद्रव्याचा एकपदरी मुलामा असतो आणि प्रकाश ग्रहण करण्याचे काम, झाडाच्या पानातल्याप्रमाणेच, तो रंग करतो. कार्यक्षमता सात टक्क्यांच्या वर होती. याच लोझानच्या तंत्रविद्यापीठातील सभागृहाच्या इमारतीवर २०१४ मध्ये अशा घटांचे सुमारे ३०० चौरस मीटरांचे रंगीत तावदान बसविले गेले. लाल, नारिंगी, हिरव्या उभ्या पट्ट्यांची ती भिंत वीज देते आणि आतल्या दालनाचे उन्हापासून रक्षणही करते. हा घट तिरप्या आणि विखुरलेल्या प्रकाशातही आपला गुण फारसा सोडीत नाही, म्हणून उभ्या भिंतीला तो विशेष मानवतो.

परंतु सावली आणि वीज ही दोन्ही कामे एकाच थराने केली, असा जो प्रयोग कोलोरॅडो संस्थानातील गोल्डन या गावच्या नॅशनल रिन्यूएबल एनर्जी लॅबोरेटरीत झाला, त्याकडे मी आपले लक्ष विशेषेकरून वेधू इच्छितो. लान्स व्हीलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील मूळ द्रव्य पेरोव्स्काइटाच्या जातीचे आहे. पेरोव्स्काइट हे खनिज उरल पर्वतात १८३९ मध्ये ओळखले गेले, आणि योगायोग असा की प्रकाशाने विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो हे बेकरेल याने पॅरिसमध्ये त्याच वर्षी पाहिले. त्या खनिजाची जी स्फटिकरचना, तीच शिसे, आयोडीन आणि मेथिल-अमोनियम यांच्या संयुगात सापडते, आणि २००९ मध्ये जपानच्या मियासाका यांनी ३.८ टक्क्यांवर सुरू केलेली या संयुगांच्या सौरघटांची वाटचाल पंधरा वर्षांच्या आतच २५ टक्क्यांपलीकडे गेली. व्हीलर यांनी या संयुगात मेथिल-अमाइन हा वायू मुरविला. तो वायू स्फटिकात बसलेला असतो तोवर थर पारदर्शक राहतो आणि दृश्य प्रकाशाचे ६८ टक्के पलीकडे जातात. ऊन पडून काच तापू लागली की वायूचे रेणू स्फटिक सोडून दोन काचांमधील बंद पोकळीत येतात, आणि तीनएक मिनिटांत थर गडद लालसर काळा होतो. आता त्यातून ३ टक्क्यांहूनही कमी प्रकाश जातो, आणि तोच थर ११.३ टक्के कार्यक्षमतेचा सौरघट होऊन बसतो. ऊन गेले, काच निवली, वायू पुन्हा स्फटिकात शिरला, खिडकी स्वच्छ झाली. त्यात बटण नाही, मोटर नाही, तार ओढून बाहेरून वीज आणणे नाही. ऊन हेच तिचे हुकूमनामे काढणारे सरकार. निसर्गाच्या एका लहानशा रासायनिक लहरीला इतक्या नेमकेपणाने कामाला जुंपलेले मी तरी क्वचितच पाहिले आहे. पुढच्याच वर्षी बर्कलीच्या विद्यापीठात पेइदोंग यांग यांच्या शिष्यांनी सीझियमचे संयुग वापरून असाच प्रयोग केला. त्यात काच पुन्हा निवळविण्याचे काम हवेतील बाष्प करते, पण काळी होण्यासाठी तिला शंभर अंशांहून अधिक उष्णता द्यावी लागते, आणि एवढे आपले वैशाखाचे ऊनही देऊ शकत नाही.

गोल्डनच्या त्या काचेतील विजेचा विनियोग कसा करावा, याविषयी माझे मत सांगतो. आपल्या चार चौरस मीटरांच्या खिडकीत ती २७० वॉट देईल, आणि तेही दुपारचे दोन-तीन तास. ही वीज इमारतीच्या तारांत नेऊन सोडावयाची तर प्रत्येक चौकटीत जोडणी, भिंतीत नळी, खाली परिवर्तक यंत्र आणि या साऱ्याची देखभाल आली. आणि आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांची सर्वसाधारण सभा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना जिन्यातल्या एका दिव्याची देखभालही किती वादाचा विषय होते हे ठाऊक आहे. तीच वीज खिडकीने स्वतःच्या निर्वाहासाठी राखली, म्हणजे देब यांच्या निळ्या काचेला लागणारे दोन-चार व्होल्ट कडेच्या लहानशा सौरघटाने पुरविले, किंवा चौकटीतला एखादा लहान पंखा त्यावर चालला, तर भिंत फोडावी लागत नाही आणि जुन्या इमारतीतही हे तावदान नुसते बदलून बसविता येते. सौरघट आणि टंगस्टन ऑक्साइड यांचा असा संयोग १९९६ मध्ये गोल्डन येथूनच प्रसिद्ध झालेला आहे. मोठ्या प्रमाणावर वीज हवी असेल तर तिची जागा गच्ची ही आहे, जेथे माथ्यावरचा सूर्य वर्षातून दोनदा आपण होऊन काटकोनात उभा राहतो.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. ऊन गिळणारी कोणतीही काच स्वतः तापते, आणि तापलेली काच आपली निम्मी उष्णता आतल्या बाजूस फेकू शकते. म्हणून काळा होणारा थर जोडकाचेच्या बाहेरील काचेवर असला पाहिजे, मधल्या पोकळीत कोरडी हवा किंवा आर्गॉन वायू असला पाहिजे, आणि आतील काचेवर उष्णता परतवून लावणारा चांदीचा अदृश्य लेप असला पाहिजे. हा तपशील गाळून केवळ 'ऊन अडविते' एवढ्यावर जो विकत घेईल, त्याच्या खोलीतली काच संध्याकाळी हात लाववणार नाही इतकी तापलेली असेल. तसेच, ही खिडकी उघडता आली पाहिजे. कोकणपट्टीत संध्याकाळच्या वाऱ्याइतके स्वस्त शीतकरण दुसरे नाही, आणि कोणत्याही काचेसाठी, ती कितीही हुशार असली तरी, त्या वाऱ्याला घरात मज्जाव करणे मला मान्य नाही.

कायद्याची बाजू आपल्याकडे अनुकूल आहे. ऊर्जा संरक्षण कायदा २००१ चा, मोठ्या व्यापारी इमारतींची संहिता २००७ ची, आणि राहत्या घरांसाठी २०१८ मध्ये आलेली इको-निवास संहिता सांगते की छप्पर वगळता घराच्या बाह्यांगातून प्रत्येक चौरस मीटरास सरासरी १५ वॉटांहून अधिक उष्णता आत येऊ नये. मर्यादा योग्य आहे. तिचा अंमल व्हावयाचा तर नकाशा मंजूर करणाऱ्या दप्तरात हा हिशेब तपासणारा मनुष्य बसला पाहिजे.

राहता राहिला टिकाऊपणा, आणि या सर्व विषयाचा निकाल तेथेच लागावयाचा आहे. विजेने रंग बदलणाऱ्या काचेची कसोटी ५०,००० वेळा काळी-गोरी करून घेतली जाते, कारण ढगाळ दिवशी एकाच दुपारी ती अनेकदा रंग बदलते आणि घराच्या खिडकीकडून वीस-तीस वर्षांची सेवा अपेक्षित असते. गोल्डनच्या काचेचे गुण वीस आवर्तनांनंतर खालावले. वायूच्या येण्याजाण्याने स्फटिकाची घडीच विस्कटत गेली. शिवाय तिच्यात शिसे आहे, तेव्हा फुटलेल्या तावदानाची विल्हेवाट कोणी लावावी याचीही तरतूद आधीच करावी लागेल. छपरावरच्या सौरपटलांना ८५ अंश उष्णता आणि ८५ टक्के आर्द्रता यांत १००० तास ठेवून पाहतात. परंतु रत्नागिरीच्या किंवा अलिबागेच्या पश्चिमेकडील भिंतीवर जी समुद्राची खारी, तिरपी सर चार महिने आदळते, ती प्रयोगशाळेच्या पेटीत जशीच्या तशी आणता येत नाही. अशा एखाद्या भिंतीत निरनिराळ्या जातींची दहा-बारा तावदाने बसवून, त्यांचा रंग, त्यांची वीज, आतील तापमान आणि कडांतून शिरलेली ओल यांची नोंद दर पंधरवड्यास करून ती नोंदवही चार पावसाळे चालू ठेवणे, हे काम किनाऱ्यावरील कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवाक्यातले आहे. त्यास फार मोठा निधी लागत नाही, आणि ते येत्या मृगापूर्वीच सुरू करता येईल.